खर्चाचा रकाना

"मॅडम, प्रॅक्टिसला सगळं जमतं हो. मॅचला हात आखडतो."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "प्रॅक्टिसला" म्हटलं की पुढचं मीच पुरं करू शकेन. बॅडमिंटनवाले म्हणतात, नेमबाज म्हणतात, एमपीएससीच्या मुलाखतीला बसणारे आपापल्या शब्दांत तेच म्हणतात. आईवडील आले की त्याला शेपूट जोडलेलं असतं: "याच्यात टेम्परामेंटच नाही का?" गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन घरांतून हा प्रश्न आला, म्हणून एका मुलाची गोष्ट लिहायला घेतली. त्याला निखिल म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लेख त्याने आधी वाचला, एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं.

निखिल सांगलीकडचा. अमेरिकेत एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, तिथल्या पुरुषांच्या टेनिस संघात. आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, त्याच्या रात्री आठला, माझ्या सकाळी साडेसहाला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली आणि मला तासभर जास्त झोप मिळाली. कॉलेजात समुपदेशकाची सोय होती, तो एकदा जाऊनही आला होता. "बाई चांगल्या होत्या," म्हणाला, "पण इंग्रजीत मला रडू येत नाही."

तिकडचं कॉलेज टेनिस आपल्या ओळखीचं नाही, म्हणून थोडं सांगते. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालं की पहिले काही महिने वैयक्तिक स्पर्धा आणि तयारीचे. खरा संघाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. आधी डबल्सच्या तीन जोड्या एकेक सेट खेळतात. दोन जोड्या जिंकल्या की संघाला एक गुण. मग सहा सिंगल्स शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी सुरू होतात, प्रत्येकाचा एक गुण. सातांतले चार ज्याने आधी मिळवले तो संघ जिंकला. चार झाले की उरलेले सामने बहुधा तिथेच सोडून देतात. ड्यूसला, म्हणजे ४०-४० झालं की, अॅडव्हान्टेज नाही, पुढच्या एकाच पॉइंटवर गेम ठरतो, आणि तो पॉइंट कुठल्या बाजूने घ्यायचा ते रिसीव्हर, म्हणजे सर्व्हिस परतवणारा, ठरवतो. हात आखडणाऱ्यासाठी या खेळात जागोजागी खड्डे खणून ठेवलेत, असं मला पहिल्यांदा ऐकताना वाटलं होतं.

आपल्याकडच्या पालकांच्या तोंडी याबाबतीत एकच नाव असतं: भारताचा टेनिसपटू सोमदेव देववर्मन. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने एनसीएएचं, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटनेचं, एकेरीचं विजेतेपद मिळवलं. त्याच्या आदल्या वर्षी, २००६ला, तो फायनल हरला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि ज्या दोन वर्षी तो जिंकला, त्या दोन्ही वर्षी सांघिक विजेतेपद जॉर्जिया विद्यापीठाने नेलं. एकट्याचा हिशेब वेगळा, संघाचा वेगळा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निखिल आदल्या वर्षी तिसऱ्या नंबरवर, म्हणजे संघातला तिसरा चांगला खेळाडू म्हणून, खेळला होता. नव्या हंगामासाठी नंबर ठरवायला कोचने संघातल्या संघात सामने लावले होते. एरवी ज्यांना निखिल सहज हरवायचा, त्यांच्याशीच तो एकामागून एक हरत होता. पहिल्या वर्षाचा एक मुलगा त्याच्या पुढे गेला होता. दुसरी सर्व्हिस टाकताना मनगट "लाकडासारखं" व्हायचं. एका सामन्यात अकरा डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून फुकट गेलेले पॉइंट. त्याने मोजले होते. मोजायची सवय पुढेही येणार आहे.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झालेली. त्रास घटनेने होत नाही, तिच्याबद्दल आपण स्वतःला जे बजावतो त्याने होतो, हे मी मानते आणि शिकवतेही. त्यामुळे मी सरळ त्याच्या वाक्यांकडे गेले. "जिंकायलाच हवं. माझा गुण यायलाच हवा. टीमसमोर हसं होताच कामा नये." प्रत्येक वाक्यातला 'च' आम्ही पकडला. मराठीत हे फार सोयीचं आहे, एक अक्षर पुसलं की हट्टाची इच्छा होते. तीन बैठका यात गेल्या. निखिल हुशार, पटापट शिकला. "हो मॅडम, पटतंय," म्हणायचा. आणि त्या आठवड्यात पुन्हा हरायचा.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला कळली आहे. जो लगेच "पटतंय" म्हणतो, त्याच्या बाबतीत मी बहुतेक चुकीच्या दारावर थाप मारत असते. त्या वेळी मात्र मी ते दार आणखी जोरात वाजवत राहिले. आपण सांगितलेलं कुणी इतकं नीट समजून घेतलं की बरं वाटतं, समुपदेशक असलो तरी.

चौथ्या बैठकीत तो जरा मोकळा होता. शेजारच्या विद्यापीठाशी मैत्रीचा सामना झाला होता. याच्या संघाचे चार गुण आधीच झाले, पण कोचनी सांगितलं, खेळा पुढे. निखिल तेव्हा २-४ मागे होता. तिथून तो सेट त्याने ६-४ घेतला.

"हात?"

"एकदम सुटला."

"म्हणजे कुणी बघत नव्हतं तेव्हा?"

"नाही ना! उलट बाकी सगळ्यांचे सामने संपले होते, सगळे माझ्याच कोर्टामागे उभे राहून ओरडत होते."

म्हणजे 'लोक काय म्हणतील' नव्हतंच. तीन बैठका मी ज्याच्याशी भांडत होते, तो गडी मैदानातच नव्हता.

"मग फरक काय होता, निखिल?"

"तो सामना धरणार नव्हते."

"कोण धरणार नव्हतं?"

"कुणीच. कोच नाही, रेकॉर्डमध्ये नाही."

"आणि एरवी? एरवी कोण धरतं?"

हा प्रश्न मी सहज विचारला होता. खरंच सहज, नंतर विद्यार्थ्यांना सांगताना मी तो फार विचारपूर्वक विचारल्यासारखं सांगते, ते सोडा. निखिल बराच वेळ गप्प राहिला. स्क्रीन अडकला की काय म्हणून मी माउस हलवून बघितला. मग तो म्हणाला, "बाबांची वही."

वडील करसल्लागार. मुलगा आठ वर्षांचा असल्यापासून त्याची प्रत्येक मॅच त्यांनी लांबोडक्या हिशेबाच्या वहीत लिहिली होती. तारीख, गाव, कितवी फेरी, समोर कोण, स्कोअर आणि शेवटी खर्चाचा रकाना. निखिल दहा वर्षांचा असताना घरी कुणी नसताना त्याने ती वही उघडली. जिंकलेल्या मॅचपुढे खर्चाचा रकाना रिकामा. हरलेल्या प्रत्येक मॅचपुढे रक्कम. एसटी, लॉज, जेवण, गटिंग म्हणजे रॅकेटला तारा बसवणं, सगळं मिळून.

"मग मला कळलं," तो म्हणाला, "जिंकलो तर बाबा पैसे मोजत नाहीत. हरलो की मोजतात."

दहा वर्षांच्या मुलाने काढलेला निष्कर्ष. तो त्याने कुणालाही सांगितला नाही, पुन्हा तपासला नाही, आणि त्याच्यावर दहा-अकरा वर्षं टेनिस खेळला. आता तर खर्च डॉलरमध्ये होता. त्या काळी एनसीएएच्या पहिल्या विभागात पुरुषांच्या टेनिस संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या असायच्या, महिलांना आठ. त्या साडेचार आठ-दहा मुलांत वाटायच्या. आता ते नियम बदलले. निखिलच्या वाट्याला जेवढं आलं होतं त्यात फी पुरत नव्हती, उरलेलं सांगलीहून जायचं. दुसऱ्या सर्व्हिसला चेंडू वर टाकला की त्याला जे दिसायचं ते नेट नव्हतं, रकाना होता.

'च' पुसून हे जाणार नव्हतं. एलिस यांचा विचार चुकला असं मी म्हणणार नाही. मी वाक्य चुकीचं निवडलं होतं. माणूस स्वतःला जे बजावतो ते नेहमी मोठ्याने बजावलेलं नसतं, कधी ते दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं असतं.

निखिलच्या संमतीने मी वडिलांना पुढच्या कॉलला बोलावलं. आई शेजारी येऊन बसली, तिला बोलावलं नव्हतं, पण बरं झालं आली ते. मी एवढंच म्हटलं, "काका, ती मॅचची वही दाखवाल का?" पाच मिनिटांत वही आली. म्हणजे ती हाताशीच असायची.

निखिलने जमिनीकडे बघत बघत सगळं सांगितलं. वडील आधी गोंधळले. मग वही चाळायला लागले, चष्मा वर, चष्मा खाली. आणि मग एकदम म्हणाले,

"अरे, पण खर्चाची बेरीज घरी आल्यावरच होणार ना! आणि घरी यायचो कधी आपण? हरल्यावरच."

मी टेनिसमधली नाही, मला उलगडायला क्षणभर लागला. बाद पद्धतीची स्पर्धा. जिंकलात तर उद्या पुन्हा खेळायचं, लॉज चालू, खर्च चालू. हरलात की सामान बांधायचं. त्या दिवशी हिशेब बंद. विजेता सोडून प्रत्येकाची स्पर्धा हरूनच संपते, म्हणून रक्कम हरलेल्या ओळीपुढे.

"थांब," वडील म्हणाले. पानं उलटली आणि वही कॅमेऱ्यापुढे धरली. आधी नुसता पांढरा उजेड दिसला, मग अक्षरं. "हे बघ. सोलापूर, अंडर फोर्टीन. फायनल, सहा-चार, सात-पाच. जिंकलास. पुढे काय लिहिलंय?"

चार हजार तीनशे सत्तर रुपये.

निखिल पडद्याजवळ आला. "हे मी बघितलंच नव्हतं," म्हणाला. बघणार कुठून? वही त्याने दहाव्या वर्षी पाहिली, सोलापूर जिंकला तेराव्या वर्षी. मुलं आपल्याबद्दलचा निकाल एकदाच वाचतात, पुन्हा कागद मागवत नाहीत.

तेवढ्यात आई म्हणाली, "पण हरल्यावर परतीच्या एसटीत तुम्ही मिरजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीत, ते?"

वडील ओशाळले. "मी मनात बेरीज करत असायचो गं."

आम्ही चौघंही हसलो. निखिल हसता हसता रडला, मराठीतच. मी काहीही बोलले नाही. माझ्या कामातला सगळ्यात कठीण भाग तोच आहे, आणि त्या दिवशी तो मला जमला.

आता जे पालक यात स्वतःला शोधत असतील त्यांच्यासाठी. वही ठेवणं हा गुन्हा नाही. उलट त्या वहीइतकं प्रेम मी फार कमी घरांत पाहिलंय. खर्च मुलांपासून लपवूही नका, लपवलेला आकडा मुलांच्या डोक्यात खऱ्यापेक्षा मोठा होतो. पण तो स्कोअरच्या शेजारी ठेवू नका. वर्षाच्या सुरुवातीला एकदा बसा, यंदा खेळासाठी इतके पैसे बाजूला काढलेत असं सांगा, आणि ते पैसे त्या दिवशी गेले असं समजा. मग वर्षभर तू जिंक नाहीतर हर, त्यातला रुपया परत येणार नाही. आणि मॅचनंतरच्या फोनवर पहिलं वाक्य "काय झालं?" नसू दे. "जेवलास का?" चालेल. गप्प राहणार असाल तर का गप्प आहात ते सांगून गप्प राहा. मुलं शांततेचं भाषांतर स्वतःच्या विरुद्धच करतात.

खेळणाऱ्यांसाठीही थोडं. गैरसमज उलगडला म्हणून मनगट दुसऱ्या दिवशी सुटलं नाही, सुटतही नाही. दहा-अकरा वर्षांची सवय स्नायूंत असते. आम्ही नोव्हेंबर-डिसेंबर दोनच गोष्टींवर काम केलं. एक, हात सुटायची वाट बघायची नाही. आखडलेल्या हातानेही सर्व्हिस करता येते, थोडी हळू, जास्त फिरकी देऊन. "हात आखडलाय, चल, याच हाताने टाकू" हे त्याचं वाक्य झालं. सरावातही तो मुद्दाम ४०-४० पासून सुरुवात करायचा, एक पॉइंट, दुसरी सर्व्हिसच, आणि हरणाऱ्याने सगळ्यांचे बॉल गोळा करायचे. दोन, पॉइंट संपला की रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायच्या, तेवढा वेळ शेजारच्या कोर्टांकडे, स्कोअरबोर्डकडे बघायचं नाही. पुढचा पॉइंट सुरू व्हायच्या आत एक लांब श्वास. मंत्रबिंत काही नाही.

आणि अधूनमधून मी त्याला आठवण करून द्यायचे की आता तो बाद पद्धतीत खेळत नाही. जानेवारीपासून हरला तरी सामान बांधायचं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना आहे, आणि तो हरूनही संघ जिंकू शकतो. लहानपणापासून एकेकटं खेळलेल्या मुलांना हे डोक्याने लगेच कळतं, पण अंगात उतरायला हंगाम लागतो.

तिसरा नंबर त्याला परत मिळाला नाही. कोचनी त्याला पाचव्या नंबरवर खेळवलं. पहिल्या वर्षाचा तो मुलगा खरोखरच चांगला होता.

जानेवारीत त्यांचा पहिला सामना झाला. बाहेर बर्फ, म्हणून इनडोअर कोर्टवर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. निखिल असेल म्हणून उचलला, तर वडील.

"मॅडम, टीम ४-३ने जिंकली. हा मात्र तीन सेट खेळून हरला. डबल फॉल्ट चारच. आवाज चांगला होता फोनवर, टीमबरोबर पिझ्झा खायला निघाला होता." थोडा वेळ काहीच नाही. मग, "वही उघडून बसलोय. ही मॅच जिंकलेली लिहायची की हरलेली?"

"त्यालाच विचारा ना," मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाला, दोन्ही. पण मॅडम, रकाना तर एकच आहे."

पलीकडून आईचा आवाज आला, "अहो, पट्टी घ्या की!"