फळा कोरा ठेव

पुणे

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, की सोमवारपासून फ्रेंच लेखक आल्बेर कामू शिकवायला घेतेस आणि सुरुवात 'अस्तित्ववाद म्हणजे काय' इथून करतेस. रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहितोय. तसं करू नकोस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नेमकं तेच केलं होतं. मुलांनी व्याख्या वहीत उतरवली, परीक्षेत जशीच्या तशी लिहिली आणि कादंबरी कुणी उघडलीच नाही. शिवाय आपण अस्तित्ववादी नाही, हे कामूने १९४५ मध्ये स्वतःच सांगून टाकलं होतं.

त्याच्या 'प्लेग' या कादंबरीपासून सुरू कर. अल्जेरियातलं ओरान शहर, १६ एप्रिलची सकाळ, दवाखान्यातून बाहेर पडताना डॉक्टर रिय्यूच्या पायाखाली आलेला मेलेला उंदीर. एवढं वाच आणि थांब. मग विचार, आपल्या पुण्यात प्लेग कधी आला होता? ज्या गणेशखिंड रस्त्यावरून ही मुलं बसने येतात, तिथेच २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली गोरे सोजीर लोकांच्या देवघरापर्यंत शिरत होते. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका पोराला मुंढव्याहून पाठीवर घालून हडपसरजवळ आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन आल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या.

रिय्यू देव मानत नाही, आपण जिंकू असंही त्याला वाटत नाही. तरी तो रोज गाठी फोडायला जातो, कारण त्याच्या लेखी प्रामाणिकपणा म्हणजे आपलं काम करणं. सावित्रीबाई माहीत असलेल्या मुलांना हे सांगावं लागणार नाही. पण दोघांना एका मापात बसवू नकोस. सावित्रीबाईंना सत्यशोधकांचा निर्मिक, म्हणजे जग घडवणारा, होता, रिय्यूच्या डोक्यावरचं आभाळ रिकामं आहे. कामूचं सगळं तत्त्वज्ञान त्या रिकाम्या आभाळाखाली माणसाने काय करायचं, या एका प्रश्नाभोवती फिरतं.

आता अवघड भाग. ओरान तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातलं शहर. राँबेर हा पत्रकार तिथे येतो तो अरबांच्या आरोग्याची स्थिती पाहायला, पण तो विषय पुढे विरूनच जातो. १९४२ च्या 'परका' कादंबरीत तर खून झालेल्या अरबाला नावसुद्धा नाही. आपल्या आजी-पणज्यांनी प्लेग पाहिला तो ज्यांच्या घरांची झडती होत होती, त्यांच्या बाजूने. म्हणून यात अरब कुठे आहेत, हा प्रश्न पुण्यातल्या मुलाला पॅरिसच्या मुलाआधी सुचेल. सुचू दे. कामूवर माझा फार जीव आहे, तरीही त्याची वकिली करायला मी उभा राहणार नाही. तूही राहू नकोस.

चरित्राला अर्धा तास पुरे. जन्म १९१३, अल्जेरियात. वर्षाच्या आत बाप युद्धात गेला. आई निरक्षर, कानाने अधू, लोकांच्या घरची साफसफाई करणारी. लुई जेर्मँ या शाळामास्तरांनी त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. १९५७ मध्ये नोबेल मिळाल्यावर कामूने त्यांना पत्र लिहिलं, आईनंतर पहिली आठवण तुमचीच आली म्हणून. सतराव्या वर्षी त्याला क्षय झाला, हे मात्र सावकाश सांग. मृत्यू त्याला पुस्तकात भेटलेला नव्हता. १९६० च्या ज्या मोटार अपघातात तो गेला, त्यानंतर खिशात सापडलेल्या न वापरलेल्या रेल्वे तिकिटाची गोष्ट गाळ. मुलं तेवढीच लक्षात ठेवतात.

'प्लेग'चा निवेदक कोण, हे काही झालं तरी फोडू नकोस.

शेवटच्या तासाला न्यायाधीशाच्या लहान मुलाच्या मृत्यूचं प्रकरण सबंध मोठ्याने वाच. प्लेग ही देवाची शिक्षा आहे असं प्रवचन देणारे फादर पानलू त्या खाटेशीच उभे आहेत. हे पोर तर निष्पाप होतं, असं रिय्यू त्यांच्यावर ओरडतो. तिथे पुस्तक मिट आणि काही समजावू नकोस. घंटेला दहा मिनिटं उरली तरी उरू देत. मागच्या बाकावरून कुणीतरी बोलेल.

तुझा,
सर