आईला त्या घरात बरं का वाटलं नाही?

«ताई, आठ महिने झाले, रोज रात्री मुलं झोपली की मी फोनवर घरं बघत बसते. सत्तर घरांचा तक्ता केलाय, प्रत्येकाला गुण दिलेत. पहिल्या नंबरचं घर आईला दाखवायला नेलं, कारण ती आमच्यासोबतच राहणार आहे. दहा मिनिटांत ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘मला इथं बरं वाटत नाही.’ का, ते तिला सांगता येईना. नवरा म्हणतो, आता पैसे भरून मोकळे होऊ. चूक झाली तर सगळे मलाच बोलतील. माझ्या आठ महिन्यांच्या मेहनतीला काहीच किंमत नाही का?»

प्रिय मैत्रिणी,

किंमत आहे, आणि ती तुझ्या घरच्यांनी बोलून दाखवायला हवी होती. सत्तरातली बहुतेक घरं तू पायरीही न चढता बाद केलीस, तेवढे हेलपाटे सगळ्यांचेच वाचले. पण नेटवर बघून घराला नाही म्हणता येतं. हो म्हणायला तिथं जाऊन उभंच राहावं लागतं.

कारण तक्त्यात तेवढंच येतं, जे कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवलंय. आणि घराबद्दल लिहिणारा बहुतेक वेळा विकणाराच असतो. जाहिरातीतले फोटो वाइड अँगल लेन्सने काढतात, त्यामुळे खोली आहे त्याहून लांब दिसते. तिथं छापलेला किमतीचा आकडाही विकणाऱ्याने मागितलेला. घर शेवटी कितीला गेलं, ते त्यात नसतं. नकाशावर रस्त्याचा फोटो बघितला असशील, तर त्यावरचा महिना आणि वर्ष बघ. कितीदा तो काही वर्षांपूर्वीचा, भर दुपारचा निघतो.

अमेरिकेतल्या झिलो या नेटवर घरांच्या जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीकडे घरांची एवढी माहिती होती, की तिने स्वतःच्या हिशेबांवर विसंबून हजारो घरं विकत घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने तो धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरांच्या किमतींचा अंदाज आपल्याला वाटला होता तेवढा बांधता येत नाही, हे कंपनीनेच मान्य केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, तेव्हा तुझ्या तक्त्यात एखादी गोष्ट सुटली म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस.

आता आईबद्दल. आमचं पहिलं घर बघायला गेलो, तेव्हा बेडरूमला ताजा रंग होता. फोटोत तीच खोली सगळ्यात देखणी दिसत होती. सासूबाई दारातच थबकल्या, म्हणाल्या, कुबट वास येतोय. मी म्हटलं, रंगाचा असेल. राहायला गेल्यावर चार महिन्यांनी कपाट सरकवलं, तर मागे भिंतीला पोपडे सुटलेले आणि खाली फरशीवर पिठासारखी पांढरी पूड. बोट लावलं तसा रंग भुरभुर गळाला. भिंतीत मुरलेलं पाणी आतले क्षार बाहेर आणतं; पाणी सुकतं, क्षार तिथंच राहतात. सासूबाईंच्या नाकाला ते दारातच कळलं होतं. मी ऐकलं नाही, आणि ती भिंत खरवडून घेताना त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, हे आजही आठवतं.

तुझ्या आईला ‘का’ विचारू नकोस, त्याचं उत्तर तिच्याकडे नाही. बारीक बारीक विचार. वास आला का? अंधार वाटला? पायऱ्या उंच होत्या? कसला आवाज येत होता? गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना जसा कळतो, तसा तुला आणि मला कळत नाही. कदाचित जुनं घर सुटणार म्हणून तिचं मन भरून आलं असेल. तेही विचारल्यावरच कळेल.

पैसे भरायच्या आधी एक काम मात्र टाळू नकोस: एखाद्या इंजिनिअरकडून घर तपासून घे. तो तू स्वतः शोधलेला असावा, विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. त्याची फी पुढच्या दुरुस्तीपेक्षा फार कमी असते. शेजाऱ्यांचं दार वाजव आणि पाण्याचं विचार.

तुझ्या पत्रातलं ‘सगळे मलाच बोलतील’ हे वाक्य मला टोचलं. घर सगळ्यांचं आणि धास्ती एकटीची, असं का? नवऱ्याला घाई आहे ना, मग कामाच्या दिवशी रात्री दहा वाजता त्याला तिथं पाठव. खिडक्या बंद करून पाच मिनिटं आतल्या खोलीत उभं राहू दे. दोन नळ एकदम सोडून बघू दे, तिथून तुला फोन लावून बघू दे. पाऊस पडून गेला की दोघं मिळून पुन्हा जा.

आणि आईला परत ने. या वेळी तक्ता घरीच ठेव. तिला एक खुर्ची दे, अर्धा तास निवांत बसू दे, मध्ये बोलू नकोस. ती उठून कुठल्या खिडकीशी जाते आणि कुठल्या खोलीत पाऊल टाकत नाही, तेवढं बघ. मग मला लिही.