केमोटॅक्सिसचं मॉडेल: आधी मिथिलेशन पक्कं कर

ई. कोलाय जिवाणू रसायनाचा माग काढत पोहतो, त्याला केमोटॅक्सिस म्हणतात. त्याचं मॉडेल नाशिकला बसून करता येईल का, असं विचारलंस. हे काम नक्की होतं. लॅपटॉप आणि पायथन पुरे. पण ई. कोलायच्या सगळ्या प्रथिनांची समीकरणं एकदम मांडू नकोस. आधी दोनच गोष्टी घे: रिसेप्टरची (रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाची) क्रियाशीलता आणि त्याचं मिथिलेशन, म्हणजे त्यावर मिथाइल गट जोडले जाणं. चे-आर हे एन्झाइम ठरावीक वेगाने मिथाइल गट जोडतं, चे-बी हे दुसरं एन्झाइम फक्त क्रियाशील रिसेप्टरवरून ते काढतं, असं धर. बार्काई आणि लाइबलर यांच्या 1997 च्या मॉडेलचा गाभा हाच. अस्पार्टेट (जिवाणूला आकर्षित करणारं रसायन) वाढव, क्रियाशीलता पडते आणि हळूहळू मूळ पातळीला येते. स्थिरांक बदलले की ती पातळी सरकते, पण परत येणं तितकंच अचूक राहतं! हे स्वतः करून बघच. चे-वाय (रिसेप्टरचा निरोप मोटरपर्यंत नेणारं प्रथिन) आणि मोटर (पोहण्याची शेपटी फिरवणारी यंत्रणा) नंतर घे. तेव्हा फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट गट जोडणं) झटपट, मिथिलेशन संथ, म्हणून स्टिफ सॉल्व्हर (खूप वेगळ्या वेगांची समीकरणं एकत्र सोडवणारी पद्धत) वापर. अडलास तर गंगापूर रोडला ये, कोड एकत्र बघू.