कारागिरांचे प्रश्न : रंधा मशीन घेताना आधी टेबल पाहा, मग कटर

प्रश्न : गावचे माळवदाचे जुने घर उतरवले. सागवानाच्या बऱ्याच तुळया आणि खांब निघाले. सॉ मिलवर नेऊन त्यांच्या दीड इंची फळ्या काढून आणल्या आहेत. त्यांतून दारे, पलंग आणि जेवणाचे टेबल घरीच करायचे आहे. खोली दहा बाय बारा फुटांची, वीज सिंगल फेज. सरफेसर (फळीची बाजू सपाट करणारे मशीन) आणि थिकनेसर (जाडी एकसारखी करणारे) वेगवेगळे घ्यावेत की एकत्र मशीन? कटर सरळ पात्यांचा बरा की स्पायरल? दुकानदार स्पायरलचाच आग्रह धरतो. — एक वाचक, लातूर

उत्तर : एवढ्या खोलीत एकत्र मशीनच घ्या. एकच ब्लॉक (पाती बसवलेला फिरता रूळ, म्हणजेच कटर) वरून सरफेसचे काम करतो आणि खालून जाडीचे. दुसरा फायदा रुंदीचा. वेगळा छोटा सरफेसर बहुधा सहा इंचीच मिळतो आणि तुमच्या तुळयांच्या फळ्या आठ-दहा इंच रुंद असणार. दहा किंवा बारा इंची कॉम्बोवर, म्हणजे एकत्र मशीनवर, तेवढी फळी आख्खी सपाट होते, चिरून पुन्हा जोडावी लागत नाही.

अडचण आहे ती अदलाबदलीची. जाडी काढायची तर वरची टेबले उचला, भुशाचा हुड फिरवा, काही मशीनवर फेन्सही (फळी टेकवायचा उभा आधार) उतरवा. म्हणून काम टप्प्याने करा. सगळ्या फळ्यांची एक बाजू सपाट करा, मग सगळ्यांची एक कड काटकोनात आणा, आणि त्यानंतरच टेबले उचला. एकेक फळी पुरी करत बसलात तर निम्मा दिवस खटके आवळण्यात जाईल. शिवाय प्रत्येक वेळी टेबल परत त्याच जागी बसले का, ही शंका राहते ती वेगळीच.

कॉम्बोची टेबले लांबीला कमी असतात. दोन्ही मिळून जेवढी लांबी भरते, साधारण तिच्या दुपटीपर्यंतची फळी नीट सरळ होते. साडेचार फुटी टेबलावर दाराच्या सात फुटी उभ्या पट्ट्या निघतील, पण दोन्हीकडे रोलर स्टँड लागेल.

आता खरा मुद्दा. कटर पुढे बदलता येतो, वाकडे टेबल बदलता येत नाही. दुकानात जाताना निदान तीन फुटी, खात्रीची सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घेऊन जा. पट्टी प्रत्येक टेबलावर लांबीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली 0.1 मिमीचे पाते सरकते का ते पाहा. नंतर पुढचे टेबल (फळी आत जाते ते) मागच्या टेबलाच्या (फळी बाहेर येते त्याच्या) उंचीला आणून पट्टी दोन्हींवर आडवी टाका. टेबले उघडून परत बसवा आणि तेच माप पुन्हा घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत फरक पडला तर त्या मशीनचे बिजागर आणि खटके ढिले आहेत. असे मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

पट्टीवर भरवसा नसेल तर लाकडालाच साक्षीला ठेवा. तीन फुटी दोन पट्ट्यांच्या कडा मारा आणि कडेवर कड ठेवून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसली तर टेबलांची बाहेरची टोके खाली झुकलेली आहेत, टोकांना फट दिसली तर ती वर उचललेली आहेत. दिसते ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते.

कटरकडे येऊ. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे हायस्पीड स्टीलची धार लवकर बसते. तुमच्या लाकडाची गोष्ट आणखी वेगळी. माळवदावरची पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या तुळयांच्या भेगांत झिरपलेली असते. वरून लाकूड स्वच्छ दिसते, पण भेगेत सुईचे टोक फिरवले की बारीक रवा बाहेर येतो. या मातीवरून पाते एकदा गेले की धार गेलीच. त्यात जुने खिळे, कड्या आणि छताच्या हुकांची मोडकी टोके. म्हणून फळी मशीनवर चढवण्याआधी तारेच्या ब्रशने घासा, भेगा टोकदार पोगराने उकरा, हवा मारा. हातातला छोटा मेटल डिटेक्टर दोन्ही बाजूंनी फिरवा. लाकडावर निळसर काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे किंवा होते असे समजा, कारण सागवानातले टॅनिन लोखंडाशी मिळून काळे पडते.

अशा लाकडाला कार्बाइड इन्सर्टचे (कठीण धातूच्या सुट्या छोट्या पात्यांचे) हेड, म्हणजे ब्लॉक, उजवे ठरते. प्रत्येक चौकोनी इन्सर्टला चार धारा असतात. खिळा लागला तर एक-दोन इन्सर्ट फिरवले की काम भागते. सरळ पात्याला खाच पडली तर आख्खे पाते काढून धार लावायला न्यावे लागते. तेवढ्यापुरता एक उपाय आहे: तिन्ही पात्यांना एकाच जागी खाच असेल तर एक पाते मिलिमीटरभर डावीकडे आणि एक उजवीकडे सरकवा. एकाची खाच दुसरे पाते खाते आणि फळीवर रेघ उमटत नाही.

मात्र ‘स्पायरल’ नावाखाली अशा हेडचे दोन प्रकार विकले जातात. एकात इन्सर्ट वळणाने बसवलेले असतात, पण प्रत्येकाची धार फळीच्या आडवीच राहते. दुसऱ्यात धारही तिरकी असते, तिला हेलिकल म्हणतात. ती लाकूड तिरके कापते. गाठीपाशी किंवा उलट्या रेषेला खपल्या कमी निघतात, आवाजही कमी होतो. बदल्यात मोटारला थोडा जास्त जोर लागतो, म्हणून बारा इंची हेलिकलला दोन एचपी कमी पडतात, तीन हवेत. आणि ताज्या धारेचे सरळ पाते सरळ रेषेच्या सागवानावर जी चकाकी देते, ती इन्सर्ट देत नाहीत. त्यांच्या बारीक लाटा स्क्रेपरने किंवा 120 नंबरच्या पॉलिशपेपरने काढाव्या लागतात.

तेव्हा आमचा सल्ला असा. चांगल्या टेबलाचे मशीन घेऊन पैसे उरत असतील तर हेलिकल घ्या. उरत नसतील तर त्याच मशीनवर तीन सरळ पात्यांचा गोल ब्लॉक आणि पात्यांचे दोन जादा संच घ्या. त्याच मॉडेलला बसणारे हेलिकल हेड पुढे मिळेल का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. बेअरिंगचे माप, ब्लॉकचा व्यास आणि पुलीची बैठक जुळली नाही तर नंतर काही करता येत नाही. ब्लॉक चौकोनी असलेले जुने मशीन फुकट मिळाले तरी आणू नका. त्याच्या कोपऱ्यांमधल्या पोकळीत बोट खोलवर ओढले जाते.

प्रश्न : सरफेसर न घेता नुसता थिकनेसर चालेल का? — एक वाचक, जालना

उत्तर : फळी आधीच सरळ असेल तर चालेल. वाकलेली फळी रोलरखाली दाबून सपाट होते, कापली जाते, आणि बाहेर पडताच पुन्हा वाकते. जाडी सगळीकडे सारखी, बाक मात्र तसाच. यावर उपाय म्हणून 18 मिमी प्लायची पाटी करा, फळी तिच्यावर ठेवा, जिथे फळी हलते तिथे पाचरी सरकवून गरम गोंदाने चिकटवा आणि पाटीसकट मशीनमधून काढा. वरची बाजू सपाट झाली की फळी उलटून पाटीशिवाय काढायची. हप्त्याला चार-पाच फळ्या असतील तर हे पुरते. दाराचे काम निघाले तर कंटाळा येईल.

प्रश्न : शेतातल्या शेडमध्ये तीन एचपी सिंगल फेज मशीन बसवले आहे. घरापासून 30 मीटर 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर ओढली आहे. दुपारी मोटार नुसती घुमते किंवा एमसीबी पडतो. मोटार खराब आहे का? — एक वाचक, परभणी

उत्तर : आधी व्होल्टेज मोजा, तेही मोटार चालू होताना, मशीनच्या टोकाला. तीन एचपी मोटार भरल्या कामाला साधारण 15 अँपिअर घेते. तुमच्या वायरीत तेवढ्या करंटला सहा-सात व्होल्ट पडतात, ते चालते. पण सुरू होताना करंट पाचपट जातो आणि 30 व्होल्टच्या वर जागीच गळतात. दुपारी लाइनवर 200 व्होल्टच असतील तर मोटारला 170च्या आसपास मिळतात. मोटारचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे 230च्या तुलनेत जेमतेम निम्मा उरतो. मग घुमणारच.

वायर 4 चौरस मिमीची करा, ब्रँच लांब असेल तर 6ची. एमसीबी 20 अँपिअर, सी ऐवजी डी कर्व्हचा (सुरू होतानाच्या करंटला न पडणारा) घ्या. 16 अँपिअरच्या पिन-सॉकेटवर हे मशीन चालवू नका, पिना काळ्या पडतात. एवढे करूनही सकाळच्या पूर्ण व्होल्टेजला मोटार घुमत असेल तर स्टार्ट कॅपॅसिटर फुगला आहे का ते पाहा. पट्टा फार ताणलेला असला तरी हेच होते. शेतीपंपाच्या थ्री फेजवर मशीन जोडायचा मोह टाळा. ते कनेक्शन पंपासाठीच दिलेले असते.

प्रश्न : नवीन सरळ पाती बसवल्यापासून फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडतो. — एक वाचक, नांदेड

उत्तर : सरफेसवर पडत असेल तर मागचे टेबल पात्यांपेक्षा खाली आहे. फळीचे शेपूट पुढच्या टेबलावरून सुटते, फळी मागच्या टेबलावर टेकते आणि पाती तेवढे जास्त खातात. उलट मागचे टेबल वर असेल तर फळी त्याच्या कडेला अडते किंवा कड निमुळती निघते.

मशीनचा प्लग काढा. एक सरळ लाकडी पट्टी मागच्या टेबलावर अशी ठेवा की तिचे टोक ब्लॉकच्या वर पुढे येईल. टेबलाच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलीने खूण करा. ब्लॉक हाताने हळूच फिरवा. पाते पट्टीला उचलून किंचित पुढे नेईल. तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांतले अंतर 3 मिमीच्या आसपास असावे आणि ते प्रत्येक पात्याला, डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला, सारखेच यावे. एका टोकाला पट्टी हललीच नाही तर ते टोक खाली आहे. स्क्रू मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करून दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकदम आवळले की पाते वर सरकते. तिन्ही पाती जुळली, की मग टेबल त्यांच्या बरोबरीला आणा.

तीन पाती जुळवण्याची मेहनत वाया जात नाही. ब्लॉक मिनिटाला 5,000 फेरे घेतो आणि फळी मिनिटाला 6 मीटर सरकते असे धरा. तिन्ही पाती कापत असतील तर दर 0.4 मिमीला एक काप पडतो. एकच पाते उंच असेल तर तोच काप 1.2 मिमीला जातो, आणि पॉलिश केल्यावर लाटा लख्ख दिसतात.

खड्डा जाडी काढताना पडत असेल तर कारण वेगळे. फळीचे टोक लोंबू देऊ नका, शेवटाला किंचित उचलून धरा. तेवढ्याने भागले नाही तर फळी आधीच चार इंच जास्त ठेवा.

प्रश्न : इन्सर्ट फिरवल्यावर फळीवर एक बारीक रेघ येते. कोणता इन्सर्ट ते कसे ओळखावे? — एक वाचक, बीड

उत्तर : रेघेवरून बोट फिरवा. रेघ उंच लागली तर त्या जागेवरच्या इन्सर्टची धार तुटली आहे, तो फिरवा. रेघ खोल लागली तर तो इन्सर्ट वर उचललेला आहे, बहुतेक वेळा त्याच्या बैठकीत भुशाचा कण अडकलेला असतो. फेन्सपासून रेघेचे अंतर मोजा आणि ब्लॉकवर त्याच अंतरावरचे इन्सर्ट तपासा. काढून बैठक पितळी ब्रशने आणि थिनरने स्वच्छ करा, स्क्रूच्या आट्यांतला चीक पुसा, मगच बसवा. स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळा. बहुतेक हेडना 5 ते 6 न्यूटन-मीटर लागतात, तरी मशीनच्या पुस्तिकेतला आकडा धरावा. हाताच्या अंदाजाने जास्त आवळला तर कार्बाइडला चीर जाते, आणि ती चीर ब्लॉक फिरू लागल्यावर उघडते.