५ किलोच्या माउंटवर ५ किलो चढवू नकोस

अरे, स्टार ॲडव्हेंचररवर (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा छोटा माउंट) ५ किलो लिहिलंय खरं, पण फोटोसाठी तू तीन-साडेतीनच धर. त्यात गाइडस्कोप (ताऱ्याचा माग ठेवणारी छोटी दुर्बीण), कॅमेरा, ड्यू हीटर (भिंगावर दव धरू न देणारा पट्टा) सगळं काट्यावर ठेवून मोज. दुर्बिणीची लांब नळी तर वजनाने कमी असली तरी वाऱ्यात डुलते.

गाइडिंगचा, म्हणजे ताऱ्याचा माग ठेवताना होणाऱ्या चुकीचा, आकडा पिक्सेलशी ताडून बघ. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिमी फोकल लेंथ म्हणजे पिक्सेलमागे सुमारे १.९ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). आरएमएस, म्हणजे त्या चुकीची एक प्रकारची सरासरी, १ आर्कसेकंदाच्या आसपास आला की खुशाल फोटो काढ, ०.५ च्या मागे रात्र घालवू नकोस. पूर्वेची बाजू किंचित जड ठेव, गिअरचे दात एकमेकांना लागून राहतात.

इंदूरला ध्रुवतारा जेमतेम २२-२३ अंशांवर, आणि माउंटचा अक्ष तिकडेच रोखायचा, म्हणून तो बराच आडवा होतो. काउंटरवेटचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो का, ते उजेडातच फिरवून बघ.