रेडिएटर रिकामा झाला, इंजिन नाही

प्रश्न : गाडीच्या पुस्तकात कूलंट ६ लिटर लिहिलंय. रेडिएटरचा खालचा कॉक सोडला तर ३ लिटरच पडलं. नवं हिरवं भरलं, पण आठवड्यात पुन्हा तांबूस झालं. बाकीचं कुठं अडकलं? बोअरच्या पाण्यानं धुतलं तर चालेल का? गोव्याला जाताना चोर्ला घाटातनं ये-जा असते.
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : बाकीचं इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) मिटलेला असतो, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. म्हणून कॉकमधून फक्त रेडिएटर रिकामा होतो. काही इंजिनांच्या ब्लॉकला वेगळा ड्रेन बोल्ट असतो. पुस्तकात दाखवला असेल तर तोही सोडा आणि बसवताना नवा वॉशर घाला. गंजून बसला असेल तर मात्र जबरदस्ती नको. आटे गेले तर खर्च भलताच वाढतो.

बोल्ट नसेल तर जुनं पातळ करत करतच काढावं लागतं. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, मगच झाकण उघडा. खाली पसरट घमेलं ठेवून कॉक सोडा. तो बहुधा प्लास्टिकचा असतो, पान्यानं पिळला की तुटतो. त्यापेक्षा खालचा होस काढलेला बरा, गाळही सोबत पडतो. मग सगळं बसवून डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि फॅन एकदा लागेपर्यंत इंजिन चालवा. बंद करून पूर्ण थंड झाल्यावरच पुन्हा सोडा. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड (ब्लॉकवरचं इंजिनचं झाकण) वाकू शकतं.

तुमच्या गाडीचा हिशेब असा : पहिल्या पाण्यानंतर जुनं निम्मं राहतं, दुसऱ्यानंतर पाव, तिसऱ्यानंतर आठवा हिस्सा. तिसरं पाणी सोडलं की आत जेमतेम पावणेचारशे मिली जुनं उरतं. तेवढं चालतं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर धुणं थांबवा आणि हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी) तपासून घ्या.

खरी चूक होते ती यापुढे. आत अजून ३ लिटर जवळपास साधं पाणी आहे. त्यावर तयार मिसळलेलं, निम्मं पाणीच असलेलं कूलंट ओतलं तर ते निम्म्याऐवजी पावच पडतं. म्हणून इथं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या, ३ लिटर. प्रकार पुस्तकात सांगितलेलाच, रंग बघून नव्हे. एका दमात ३ लिटर मावत नाही, कारण आत हवा अडकते. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर गरमवर, वरचा होस हातानं दाबत भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा. फॅन लागला, गाडी थंड झाली, की राहिलेलं घाला. हवा राहिली तर घाटात दुसऱ्या गिअरवर तापमानाचा काटा अचानक वर जातो आणि हीटरमधून गार वारा येतो.

बोअरचं पाणी धुवायलासुद्धा नको. तव्यावर पांढरा थर बसतो तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ मागितलंत तर डिस्टिल्डच दिलंय, ॲसिड नाही, एवढं बघून घ्या.

काढलेलं जुनं परड्यात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-गुरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारा. ऑइलमध्ये मात्र मिसळू नका, मग ते दोन्ही घेत नाहीत.