कॉम्प्रेशन कमी दिसलं? आधी टेस्ट नीट करा

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते गेजने मोजताना, तुमच्या एका सिलिंडरला ९० पीएसआय (दाबाचं एकक) आला म्हणून लगेच इंजिन उघडू नका. जुन्या पेट्रोल गाडीत नवखा माणूस बहुतेक वेळा मोजतानाच चुकतो. पुन्हा मोजा:

- इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज.
- फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढा.
- चारही प्लग काढा, एकेक नव्हे.
- ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरा. हे विसरलात तर पुरेशी हवाच आत जात नाही आणि सगळेच आकडे खोटे कमी येतात. माझ्या पहिल्या गाडीच्या रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या असं मी याच चुकीमुळे धरून बसलो होतो.

साधारण १५० ते १८० पीएसआय चांगले, पण नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. सिलिंडरांतला फरक जास्त बोलका असतो.

मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हवर संशय. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून घ्या, ते स्वस्तात होतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) बघा.

लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरात हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) नंतर. आधी चारही कोरडे आकडे आणि कमी आलेल्या सिलिंडरचा ऑइल घातल्यानंतरचा आकडा लिहून पाठवा. बघू आपण.